तारा आत्ता की नंतर?

शनिवारी दुपारी निवांत लोळत पडलो होतो, तेवढ्यात ताईचा फोन. "अरे, चिनूच्या दातांचं डॉक्टर म्हणतात आत्ताच सुरू करू. दोन टप्प्यांत. आता वर्षभर प्लेट, मग बाराव्या-तेराव्या वर्षी तारा. तू जरा नेटवर बघून सांग ना."

चिनू आठ वर्षांचा. वरचे पुढचे दात चांगलेच बाहेर आलेत. शाळेत पोरं त्याला 'फावड्या' म्हणतात. हे त्याने आईला नाही, मला सांगितलंय. मी आपला कोड लिहिणारा माणूस, पण ताईच्या मते गूगल करता आलं की सगळं येतं. असो. शोधायला बसलो आणि इतिहासातच अडकलो.

दात सरळ करायची खटपट जुनीच आहे. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात घोड्याच्या नालासारख्या पट्टीचं वर्णन केलंय. पट्टीला भोकं, त्यातून दोरा ओवून दात बांधायचे. पुढे अमेरिकेत एडवर्ड अँगलने १८९९ मध्ये वाकड्या चाव्याचं वर्गीकरण केलं. डॉक्टर आजही 'क्लास टू' वगैरे म्हणतात ते त्याचंच. चिनू क्लास टू. पण हे झालं दात हलवणं. लहानपणीच धरलं तर अख्खा जबडाच वाढवता येईल का, हा प्रश्न वेगळा. आणि त्याची गोष्ट मला जाम आवडली.

१९०८ साल. विगो अँड्रेसन नावाचा डॅनिश दंतवैद्य. त्याच्या मुलीच्याच दातांवर उपचार चालू होते. उन्हाळ्याच्या सुट्टीला जायचं म्हणून त्याने तारा काढल्या आणि रात्री घालायला एक सैलसर प्लेट दिली. तिची रचना अशी, की तोंड मिटलं की खालचा जबडा आपोआप थोडा पुढे सरकायचा. सुट्टी संपवून पोरगी परत आली तर चावा सुधारलेला! नंतर ऑस्लोमध्ये त्याने कार्ल हॉइप्लबरोबर यावर बरंच काम केलं. हाच तो 'अ‍ॅक्टिव्हेटर'. स्नायूच जबड्याला वळण लावतील आणि वाढत्या वयात जबडाही वाढेल, असा हिशोब.

युरोपात हे चांगलंच रुजलं. कारण फक्त शास्त्रीय नव्हतं बरं का. पक्क्या तारांना तेव्हा मौल्यवान धातू लागायचे, आणि नाझी जर्मनीत तर दातांच्या कामात ते वापरायला बंदीच होती. काढता-घालता येणारी प्लेट स्वस्त. अमेरिकेत मात्र अँगलच्या परंपरेतल्या पक्क्या ताराच चालत राहिल्या.

आता माझ्यातला इंजिनियर जागा झाला. अँड्रेसनच्या मुलीचा जबडा प्लेटमुळे सुधारला की वाढत्या वयामुळे? प्लेट दिलीच नसती तर काय झालं असतं? तुलनेला दुसरी मुलगीच नाही. आम्ही नवं फीचर सोडतो तेव्हासुद्धा निम्म्या लोकांना जुनंच दाखवून बघतो. इथे ती तुलना नीट व्हायला १९९० चं दशक उजाडावं लागलं!

तेव्हा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मुलांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली: काहींना हेडगियर, काहींना प्लेट, काहींना सव्वा वर्ष काहीच नाही. नंतर सगळ्यांना तारा. ब्रिटनमध्ये केविन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी आठ ते दहा वर्षांच्या १७४ मुलांवर असाच प्रयोग केला. दोन्हीकडे आधी प्लेटवाली मुलं पुढे दिसली. पण सगळ्यांचे उपचार संपल्यावर (हे निष्कर्ष २००४ आणि २००९ मध्ये आले) दोन्ही गटांचे जबडे जवळपास सारखेच! वर लवकर सुरू केलेल्यांच्या एकूण चकरा जास्त. म्हणजे डॉक्टर खोटं बोलत नव्हते. त्यांना सुधारणा दिसत होती, फक्त न केलेल्या मुलांची नंतर होणारी सुधारणा दिसत नव्हती.

हे पुढे आलेल्या वरच्या दातांपुरतंच हं. खालचे दात वरच्यांच्या पुढे येत असतील किंवा दाढा आडव्या चावत असतील, तर लवकर दाखवणंच बरं.

मी खुशीत ताईला फोन लावणार होतो, "थांब, पैसे वाचले!" पण दोन गोष्टी खटकल्या. एक, लवकर उपचार केलेल्या मुलांचे पुढचे दात पडझडीत कमी मोडतात, असं हे सगळे प्रयोग एकत्र तपासल्यावर दिसलं. दुसरी, ब्रिटनच्या २००३ च्या अहवालात प्लेट लावलेल्या मुलांना स्वतःबद्दल जास्त बरं वाटत होतं. पुढे हा फरक राहिला नाही, मान्य. पण फावड्या म्हणतात ते आत्ता.

शेवटी फोन केला आणि आधी विचारलं, "ताई, चिनू सायकलवरून किती वेळा पडतो गं?"

"कालच पडलाय," ती म्हणाली. "का रे?"

मग तिला ते टोपणनाव पण सांगून टाकलं. बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही.