क्रशर बंद केल्यावरही धोका का संपत नाही?

रायगड जिल्ह्यात पेण-रोहा भागातले डोंगर मुख्यतः काळ्या पाषाणाचे, म्हणजेच बेसॉल्टचे आहेत. हा दगड फोडून, क्रशरमध्ये भरडून खडी बनते. रस्ते आणि इमारती त्यावरच उभ्या राहतात.

अनेकांना दगडखाण ही 'खाण' वाटतच नाही. पण 1952 च्या खाण कायद्यात तीही येते. खोली 6 मीटरच्या आत, एका दिवशी कामगार 50 पेक्षा जास्त नाहीत आणि स्फोटकांचा वापर नाही, अशा छोट्या खाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट होती. सुरुंग लावला की ती सूट संपली! (हा कायदा आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला आहे.) देखरेख करणाऱ्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं मुख्यालय झारखंडमधल्या धनबादला आहे.

आता मूळ प्रश्न. जॉ क्रशरमध्ये दोन जबड्यांमध्ये दगड चिरडला जातो. त्याला जड फ्लायव्हील असतात. मोटार बंद केली तरी ती काही वेळ फिरत राहतात, आणि त्यांच्यासोबत जबडाही हलत राहतो. तोंडाशी मोठा दगड अडकला की कामगार पहार घेऊन वर चढतो. जबड्यात ताणाखाली अडकलेला दगड अचानक उसळू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, वर माणूस आहे हे माहीत नसलेला दुसरा कुणीतरी खाली स्विच दाबतो.

यावरचा उपाय साधा आहे. मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची. 'काम चालू आहे' अशी पाटीही लावायची. नुसती पाटी पुरत नाही, कारण ती कुणीही काढू शकतं.

मग हे होत का नाही? खडी ब्रासवर विकली जाते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. मशीन थांबलं की ब्रास थांबले, हा हिशेब मालकापासून मुकादमापर्यंत सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो.

कन्व्हेयर पट्ट्याचंही तसंच. पट्टा आणि पुली जिथे भेटतात तिथे हात किंवा कपडा ओढला जातो. तिथली जाळी ग्रीस भरायला काढतात आणि परत बसवतच नाहीत. डंपरचा हौदा उचलून खाली काम करताना नुसत्या हायड्रॉलिकवर विसंबणंही असंच महागात पडतं. पाइप फुटला तर हौदा थेट खाली येतो, म्हणून लोखंडी टेकू लागतोच.

कोकणातल्या पावसात खाणीत पाणी साचतं आणि काम मंदावतं. जबड्याच्या झिजलेल्या प्लेट, ब्रेक, वायरिंग तपासायला हीच वेळ सोयीची असते. मात्र पावसाळ्यानंतर पहिलं बटण दाबण्याआधी काढलेली प्रत्येक जाळी जागेवर आली का, हे पुन्हा पाहावं लागतं.