पडवीतली जावा

गणपतीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरी पडवी रिकामी करायचे काम निघते, कारण आरास तिथेच होते. त्या गडबडीत ताडपत्रीखालची एक मोटारसायकल दर वर्षी भिंतीकडे सरकवली जायची. वडिलांनी १९७० साली घेतलेली ती जावा. ते गेल्यानंतर अठरा वर्षे तिला कोणी किक मारली नव्हती. चार वर्षांपूर्वी आई म्हणाली, "एकदा काय ते ठरव. भंगारात तरी दे, नाहीतर चालू तरी कर." मी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला सरकारी नोकर. चालू करतो म्हणालो, आणि पुढची दोन वर्षे माझे रविवार त्या पडवीतच गेले. गाडी खोलता खोलता तिचा इतिहासही कळत गेला.

जावाचे मूळ चेकोस्लोव्हाकियातले. प्रागमधल्या फ्रान्तिशेक यानेचेक यांचा कारखाना शस्त्रास्त्रांचा. पहिल्या महायुद्धानंतर ती मागणी घटली, तेव्हा त्यांनी वाँडरर या जर्मन कंपनीकडून ५०० सीसी मोटारसायकलचे हक्क विकत घेतले. यानेचेकमधले 'जा' आणि वाँडररमधले 'वा' जोडून १९२९ साली 'जावा' हे नाव तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात कारखाना जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या कारागिरांनी लपूनछपून २५० सीसीच्या नव्या गाडीचे काम चालू ठेवले. युद्ध संपल्यावर ती 'पेराक' नावाने बाजारात आली.

आपल्याकडे जावा आणली ती मुंबईच्या इराणी कुटुंबाने. पन्नासच्या दशकात परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर बंधने आली आणि गाड्या इथेच बनवणे भाग पडले. एनफिल्ड १९५५ मध्ये मद्रासला आली होती. पुढे फरिदाबादची राजदूत पोलंडच्या मॉडेलवरून निघाली. रुस्तम आणि फारूख इराणी यांनी म्हैसूर निवडले. महाराजा जयचामराजेंद्र वाडियार यांचे त्यांना प्रोत्साहन होते. आयडियल जावा कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि यादवगिरीच्या कारखान्यातून १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. चेक कंपनीशी असलेला करार संपल्यावर १९७३ पासून तीच गाडी 'येझदी' झाली. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. पुढे २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परत आले, पण ती गाडी वेगळी.

जुन्या जावाची काही वैशिष्ट्ये आजही मेकॅनिकला थांबून बघायला लावतात. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर एकाच दांड्याचे; दांडा आत दाबून वर फिरवला की किक. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे क्लचची केबल तुटली तरी माणूस घरी पोहोचायचा. साखळी पूर्ण झाकलेली. ऑइल पेट्रोलातच मिसळायचे.

आता मुद्द्याचे. १९९६ नंतर कंपनीचे सुटे भाग येणे बंद झाले, तरी गाड्या रस्त्यावर राहिल्या. त्या कोणी टिकवल्या? गावोगावच्या मेस्त्रींनी आणि टर्नरांनी. आमच्या बेळगावात तर फौंड्री आणि लेथ ही घरोघरची भाषा. वडील स्वतः उद्यमबागेत फौंड्रीत पॅटर्नमेकर होते. जावा खोलली तेव्हा इंजिनाचे डावे झाकण मला वेगळे वाटले. आतून बघितले तर ओतकामाची रेघ आणि कोपऱ्यात कोरलेले वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर. आईला विचारले तेव्हा कळले. आंबोली घाटात गाडी पडून मूळ झाकण फुटले होते. नवीन मिळेना, म्हणून त्यांनी लाकडाचा पॅटर्न करून ते स्वतःच ओतून घेतले होते.

बाकी काम नेहमीचे. पिस्टन सिलिंडरमध्ये धरला होता. दोन दिवस डिझेल ओतून ठेवले तेव्हा सुटला. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घातला. क्रँकचे ऑइल सील वाळून गेले होते, ते बदलले. टाकीत रॉकेल आणि बारीक नट घालून गंज निघेपर्यंत हलवली. या सगळ्यात वडिलांच्या वेळचे मेस्त्रीकाका खुर्चीवर बसून मला सांगत. ठोका ऐकून पॉइंट उशिरा उघडतोय हे ते ओळखत. ते सगळे लिहून घ्यायचे मी ठरवले होते. पण पुढच्या दिवाळीआधीच काका गेले. वहीची चार पाने भरली, बाकी त्यांच्याबरोबर गेले.

शेवटी झाकणाचा प्रश्न उरला. तोवर जुन्या मालातले अस्सल म्हैसूरचे झाकण मला मिळाले होते. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत मूळ भागांना गुण असतात. सरकारनेही २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. त्यात जुना नंबर कायम ठेवता येतो, पण गाडीत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. मी अस्सल झाकण कागदात गुंडाळून कपाटात ठेवले आणि वडिलांचेच बसवले. गुण जायचे तर जाऊ देत. म्हैसूरच्या कारखान्याने गाडी बनवली हे खरे, पण पन्नास वर्षे ती चालवली आमच्या गावच्या हातांनी. तोही त्या गाडीचा इतिहासच आहे.

जुलैचा दुसरा रविवार जगभर जावाप्रेमी साजरा करतात. त्या दिवशी आईला मागे बसवून गल्लीतून एक फेरी मारली. आई काही बोलली नाही. फक्त उतरताना झाकणावरून हात फिरवला.

आपल्यापैकी कोणाच्या पडवीत, माळ्यावर असे एखादे जुने यंत्र असेल, तर ते विकण्याआधी एकदा खोलून बघा. आणि ते दुरुस्त करणारे कोणी मेस्त्री अजून असतील, तर या गणपतीत त्यांना घरी बोलवा, प्रसाद द्या आणि वही घेऊन समोर बसा.