जुने बोलपट कसे पाहावेत?

जुन्या बोलपटावर आपण दोन तऱ्हांनी अन्याय करतो. एक तर त्याच्यापुढे हात जोडतो, नाही तर त्याला हसतो. माझ्या मते तो डोळे उघडे ठेवून, पण त्याच्या काळात शिरून पाहावा.

१९३६ सालचा ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ घ्या. दामले-फत्तेलालांचे वैकुंठाला जाणारे विमान आज कोणाला भाबडे वाटेल. परंतु गौरी यांनी उभी केलेली जिजाई? वहाण घेऊन ती विठोबाला जाब विचारावयास निघते, तेव्हा संतपणाची किंमत घरातल्या बाईने कशी मोजली ते कळते. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्राचा गौरव झाला, त्यात मला नवल वाटत नाही.

मात्र पाहण्यासाठी बोलपट उरला तर पाहिजे! १९३१ च्या ‘आलम आरा’ची आज एकही प्रत उपलब्ध नाही. नायट्रेटची फीत चटकन पेट घेणारी. शिवाय तिच्यातील चांदीसाठी कित्येक जुन्या प्रती मोडीत निघाल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे पहिल्या बोलपटानंतर ३३ वर्षांनी. ताम्रपट आणि बखरी आपण जपतो; मग आजोबा-पणजोबांच्या काळचे चालणे-बोलणे जिने टिपले, ती फीत इतिहासाचे साधन नव्हे काय?