वर्गाचे दार

विद्यापीठाचा इतिहास सांगताना आपण स्थापनेचे साल सांगतो, इमारतींचे वर्णन करतो, नामवंत विद्यार्थ्यांची यादी देतो. तिथली माणसे एकमेकांशी कशी वागली, याची नोंद मात्र क्वचितच होते. आज अशाच एका नोंदीविषयी बोलायचे आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. पदवी परीक्षेचा मार्ग मुलींसाठी खुला व्हायला मात्र १८८३ साल उजाडावे लागले. त्यानंतर काही काळातच पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एक मुलगी दाखल झाली. तिचे नाव कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६चा. वडील पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले मिशनरी, तर आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवीत असत.

कॉलेजात ही पहिलीच विद्यार्थिनी. नियमाने तिला प्रवेश दिला होता, पण वर्गातल्या मुलांनी दिला नव्हता. ती व्याख्यानाला येताना दिसली की काही मुले तिच्या तोंडावर दार लावून घेत. ही तर शिकलेल्या घरांतली मुले, उद्याचे वकील आणि अधिकारी! कॉर्नेलियाबाई तरीही वर्गात जात राहिल्या आणि पदवी परीक्षेत पहिल्या आल्या. त्या यशावर इंग्लंडला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, पण बाई म्हणून तीही नाकारली गेली. मग अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले. तिथे समोर बसणारे विद्यार्थी सगळे पुरुषच होते.

पुढे काही इंग्रज हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. तिथेही कायदे काही उदार नव्हते. १८९२ मध्ये खास ठराव झाला, तेव्हाच त्यांना कायद्याच्या परीक्षेला बसता आले. परीक्षा दिली, तरी पदवी नाही. ती हाती पडली १९२२ मध्ये, म्हणजे तब्बल ३० वर्षांनी!

पण याच ऑक्सफर्डमधली दुसरी गोष्टही सांगायला हवी. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम अॅन्सन यांनी १८९० मध्ये त्यांना आपल्या कॉलेजच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात वाचायला बोलावले. तोवर एकाही स्त्रीला तिथे वाचक म्हणून प्रवेश मिळाला नव्हता. पुण्यात नियम अनुकूल होता, वागणूक नव्हती. इथे नियम प्रतिकूल होते, पण एका माणसाने सौजन्य दाखवले आणि दार उघडले.

या घटनांना सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. दरम्यान रॅगिंग रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये देशभरासाठी नियम केले. त्यांची गरज होतीच. छळ झाला तर दाद मागायला जागा हवी. पण खेड्यातून आलेल्या मुलाच्या बोलीला हसू नये, वसतिगृहात कुणाला आडनावावरून जोखू नये, वर्गात एकट्या बसलेल्या मुलीला 'इथे ये' म्हणावे, हे कोणत्या कलमात लिहिणार?

कॉर्नेलियाबाई १९५४ मध्ये गेल्या. हिंदुस्थानातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक म्हणून त्यांचे नाव आज आदराने घेतले जाते. दार लावणाऱ्या मुलांची नावे कुणाला ठाऊक नाहीत. आपल्या कॉलेजात उद्या एखादा नवखा विद्यार्थी वर्गाच्या दाराशी घुटमळेल. त्या वेळी दाराजवळ जो बसला असेल, त्याने एवढे आठवावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)