तिसरा बाण

दसरा सरला की लिंबागणेशच्या रस्त्यानं संसार भरलेले ट्रक जाऊ लागतात. चूल, भांडी, शेळ्या, वर माणसं. 1950च्या अखेरीस प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढं कारखाने वाढले आणि तोडणीला आमच्या बीड जिल्ह्यातली माणसं जाऊ लागली. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसांना मिळून एका हत्याराचं नाव!

उचलीचा व्यवहार कागदावर काढून पाहा. कारखान्याकडून मुकादमाकडं एक बाण, मुकादमाकडून कोयत्याकडं दुसरा. गावोगाव हीच आकृती. ती योगायोगाची की तिला काही कारण आहे?

हे ओळखायची रीत गणितात आहे. 1959 साली पॉल एर्डोश आणि आल्फ्रेड रेनी या हंगेरियन गणितज्ञांनी दैवावर सोडलेल्या जाळ्यांचा विचार मांडला. ठिपके घ्यायचे, रेषा जणू चिठ्ठ्या टाकून जोडायच्या. 2002 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या उरी अलोन यांच्या गटानं खरी जाळी घेतली. प्रत्येक ठिपक्याचे येणारे-जाणारे बाण तेवढेच ठेवले, पण कोण कुणाला जोडलंय ते पत्त्यांसारखं पुन्हा पुन्हा पिसलं. पिसलेल्यांपेक्षा खऱ्या जाळ्यात जी आकृती फार जास्त भरते, ती उगाच नसते. एका जिवाणूच्या जनुकांत असा त्रिकोण निघाला: पहिला दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, आणि पहिला तिसऱ्याला थेटही सांगतो. दोन्हीकडून निरोप आल्यावरच तिसरा हलतो, अशी त्याची एक तऱ्हा. क्षणभराच्या इशाऱ्याला तो फसत नाही.

मी कवितेचा माणूस, मला 2004चं त्यांचं काम अधिक भावलं. एका शब्दामागून दुसरा येतो, तो बाण. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी, चारही भाषांत त्रिकोण अपेक्षेपेक्षा कमी. शब्दांच्या जाती आलटून पालटून येतात, म्हणून.

आमच्या कागदावरही त्रिकोण नाही. बाण पिसले तर काही कोयत्यांना कारखान्याचा थेट बाण लागेलच. प्रत्यक्षात तो शोधावा लागतो. इथं कारण व्याकरणाचं नाही. फडात अपघात झाला, बाळंतपण आलं, हिशेबाचा वाद झाला, की ‘तुमचा व्यवहार मुकादमाशी’ असं म्हणायला ती मोकळी जागा सोयीची पडते. मुकादमही फार सुखात नसतो. टोळी पळाली तर उचल त्याच्याच अंगावर येते.

हंगाम संपून ट्रक परततात. उचल फिटली नसेल, तर पुढच्या दसऱ्याला तोच मुकादम दारात उभा असतो.