वाऱ्याची शाळा

आमच्या घरात वाऱ्याला मोठा मान होता. वडिलांनी उमेदीची वर्षं शिडाच्या होडीवर तांडेल म्हणून काढली. मतलई वारा कधी सुटतो, हे मला अक्षरओळखीच्या आधी ठाऊक होतं. १९८६च्या सुमारास रत्नागिरीच्या किनाऱ्यावर डॅनिश बनावटीच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्या बघून वडिलांनी मला विचारलं, “पाती तीनच का रे? जास्त असती तर वारा जास्त नसता धरला?”

मी घरातला पहिला कॉलेजात जाणारा. पण मला उत्तर आलं नाही. पुढे बी.ए. झालो, कविता लिहिल्या, वडील गेले. प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर डेन्मार्कमधल्या आस्कोव या खेड्यात आधीच शोधलं गेलं होतं. तिथे एक लोकशाळा होती. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी काढलेली. परीक्षा नाही, पदवी नाही. पॉल ला कूर हे तिथले शिक्षक, मूळचे हवामानशास्त्रज्ञ. शहरात वीज आली, खेडी अंधारात राहिली, तर माणसं खेडी सोडतील, ही त्यांची चिंता. सरकारी मदत घेऊन १८९१ मध्ये त्यांनी शाळेजवळ वीज करणारी पवनचक्की उभारली.

पण वारा पडला की काय? त्या विजेनं पाण्याचं विघटन करून ते हायड्रोजन साठवू लागले. १८९५ पासून काही वर्षं शाळेतले दिवे त्या वायूवर जळत. कधी त्यात ऑक्सिजन मिसळायचा, स्फोट व्हायचा आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा पुन्हा बसवाव्या लागायच्या! तरी मास्तर थांबले नाहीत. बंदिस्त झोतात छोटी पाती फिरवून त्यांनी पाहिलं, की थोडी पाती आणि जास्त वेग, हेच विजेला फायद्याचं. पुष्कळ पात्यांचं चाक जोर लावतं, पण सावकाश फिरतं. विहिरीचं पाणी उपसायला ते बरं.

मला मात्र त्यांचं पुढचं काम अधिक मोठं वाटतं. १९०४ पासून त्यांनी खेड्यांतल्या वीजतंत्र्यांसाठी वर्ग सुरू केले. यंत्र कोणीही विकत घेईल. ते बंद पडल्यावर गावात कोण आहे? त्यांनी ती माणसं घडवली. १९०८ मध्ये ते गेले. पण १९१८ पर्यंत डेन्मार्कच्या सुमारे १२० ग्रामीण वीजकेंद्रांत पवनचक्क्या चालत होत्या.

त्या वर्गात योहानेस यूल नावाचा एक पोरगा होता. त्यानं आयुष्य विजेच्या कामात घालवलं आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर, १९५७ मध्ये, गेडसर इथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की उभारली. स्वस्त तेलापुढे ती १९६७ मध्ये बंद झाली. १९७३ मध्ये तेल कडाडलं, तेव्हा जगाला तिची आठवण झाली. ती पुन्हा फिरवून मोजमापं घेतली गेली. १९७८ मध्ये रिसो इथे पवनचक्क्यांचं चाचणी केंद्र निघालं. त्याच वर्षी ट्विंड इथल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी एक प्रचंड चक्की उभी केली. आज डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठात पवनऊर्जेचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. त्या पदवीची मुळं पदवी न देणाऱ्या शाळेपर्यंत जातात.

आपल्याकडेही मुंबईच्या आयआयटीत २००७ मध्ये ऊर्जेचा स्वतंत्र विभाग झाला. गेल्या वर्षी माझ्या लेकीनं हाती आलेली नोकरी सोडून ऊर्जा विषयात एम.टेक. करायचं ठरवलं. नातेवाईक म्हणाले, “मिळतंय ते सोडून हे काय?” मीही दोन रात्री झोपलो नाही. शेवटी तिला आजोबांचा प्रश्न विचारला. तिनं कागदावर चाक काढून पाच मिनिटांत समजावलं. मी तिला एवढंच म्हटलं, “बेटा, शीक. पण जे शिकशील ते गावच्या वायरमनलाही सांगता आलं पाहिजे.”

ती म्हणाली, “अब्बा, आजोबांना सांगता आलं असतं, तर किती बरं झालं असतं.”

पदव्या वाढोत, त्या वाढायलाच हव्यात. पण वाऱ्याची खरी शाळा तीच, जिथे तांडेलाच्या प्रश्नालाही उत्तर मिळतं.