पिक्सेल चित्रण, हौशी साहसखेळांतील

हौशी संगणकीय साहसखेळांसाठी ठिपका-ठिपका (पिक्सेल) हाताने रंगवून केलेले चित्रण व ॲनिमेशन.

‘किंग्ज क्वेस्ट’ (१९८४), ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ (१९९०) या व्यावसायिक खेळांत या शैलीचे मूळ आहे (पहा : संगणकीय खेळ). मोजके ठिपके व १६ किंवा २५६ रंग ही तेव्हा यंत्राची मर्यादा होती. हौशी चित्रकारांनी ती पुढे आपखुशीने स्वीकारली. क्रिस जोन्स यांच्या ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ (१९९७) या विनामूल्य साधनाने एकट्या माणसालाही पूर्ण खेळ रचता येऊ लागला.

पात्राची चाल हा यातला सर्वांत कष्टाचा भाग. खाली, डावीकडे, उजवीकडे व वर अशा चार दिशांच्या स्वतंत्र चित्रमालिका लागतात. प्रत्येकीतले पहिले चित्र उभ्या स्थितीचे असते. पाऊल टेकताना धड एक ठिपका खाली उतरते, पाय जुळताना वर येते. चित्रे बदलण्याची गती व पात्र सरकण्याची गती जुळली नाही, तर पाय जमिनीवरून घसरतात. लहान पात्राचा डोळा एखाद्या ठिपक्याचाच. तो हलला की नजर बदलते. अधल्यामधल्या छटा दोन रंगांचे ठिपके बुद्धिबळाच्या पटासारखे मांडून साधतात (पहा : रंगसंगती).

‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ वापरून एका स्पर्धेसाठी तयार झालेला ‘द शिवाह’ (२००६) हा खेळ पुढे व्यावसायिक स्वरूपात विकला गेला.